दिवस दहावा : निरंक

मनीषनगर, नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

चंद्रभान मामा, जयभीम.

पाकीट पाहून घाबरला असाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळे ठीक आहेत. फोन करून उपयोग नाही. मागच्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडला आणि शेवटी तुम्ही 'बरं, ठेव आता' एवढंच म्हणालात. कानाचं मशीन घेऊन दिलं ते डब्यात झोपलंय, हे मला ठाऊक आहे. कळमेश्वर काही लांब नाही, तासाभराची वाट, पण मला सध्या रविवारही सुटा मिळत नाही. तेव्हा पत्र.

कामाचं बोलते. आमच्या आरोग्य खात्याच्या धरमपेठच्या ऑफिसात नवी तयारी चालू आहे. उद्या देवीसारखा रोग पुन्हा कुठे उपटला, तर रोग्याला पहिला हात लावणारी माणसं आधीच सुरक्षित असावीत, म्हणून चाळीस जणांना देवीची लस दिली. नर्सा, प्रयोगशाळेतले लोक, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. तुमच्या वेळची तीच जिवंत लस, तीच दोन टोकांची सुई. सोमवारी, तीन तारखेला टोचलं. ही तुकडी सुखरूप पार पडली तर १० मार्चला आणखी दोनशे साठ जणांना टोचणार. त्यात माझंही नाव आहे.

माझं काम टोचण्याचं नाही, विचारण्याचं. चाळीस जणांना रोज फोन, एकवीस दिवस. ताप आहे का, छातीत दुखतं का, धाप लागते का, दुसरीकडे कुठे फोड आला का, घरात कोणाला आला का, असे नऊ प्रश्न. काही नसेल तर रकान्यात 'निरंक' लिहायचं. काही असलं तर सहा पानांचा अर्ज, सरांना फोन, गाडी पाठवा, दवाखान्यात कळवा. हे सांभाळून डेंग्यूचे आकडेही मीच भरते, कारण ते भरणारी बाई बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत 'काही नाही, काही नाही' ऐकून माझे कानही तुमच्यासारखे व्हायला आले आहेत.

चाळिसात एक संघपाल आहे, ॲम्ब्युलन्स चालवतो, एकतीस वर्षांचा. तो एकटाच फोन उचलल्या उचलल्या मला विचारतो, "जेवल्या का मॅडम?" बाकीच्यांना मी म्हणजे कर्जवाल्या बँकेचा फोन.

अडचण ही, की देवीची लस दंडावर कशी उठते, हे आमच्यात कोणी पाहिलेलंच नाही. आमचे विश्वनाथ सर पन्नाशीचे, त्यांच्या दंडावर वण आहे, पण तो कसा झाला हे त्यांना कुठून आठवणार? तुम्ही तरुणपणी आठ वर्षं गावोगाव देवी टोचत फिरलात. कोणत्या दिवशी काय दिसायला हवं, तेवढं लिहून पाठवा. पुस्तकात आहे, पण पुस्तकातले दंड गोऱ्यांचे आहेत.

झोपते आता. लिहून लिहून हातही दुखतोय.

प्रेमिला


कळमेश्वर
९ फेब्रुवारी २०२५

प्रेमिलास मामाचे आशीर्वाद.

पाकीट शुक्रवारी मिळालं. घरी जाईपर्यंत धीर धरवला नाही, बाजारात जयवंताच्या भाजीच्या दुकानाशी उभा राहूनच वाचलं. ती म्हणाली, "कोनाचं पत्र होय गा भाऊ? आता कोनी लिहिते का पत्र?" मी म्हटलं, भाची आहे, नागपुरात देवीची लस देऊन राहिली. ती हसली. एकच डोळा आहे तिला, दुसरा लहानपणी गेला. चाळीस वर्षं झाली, वांगी मी तिच्याचकडची घेतो.

आता लिहून घे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल गाठ येते. सहाव्या दिवशी तिच्यात पाणी भरतं आणि मधोमध खळी पडते. आठव्या-नवव्याला पिकते, भोवती रुपयाएवढी लाली, काखेत गाठ दुखते, थोडी कणकण येते. एवढं झालं की लस लागली. काहीच झालं नाही तर लागली नाही. पुढे खपली धरते आणि तिसऱ्या आठवड्यात ती आपली आपण पडते. ओढायची नाही. खाजवलेलं बोट डोळ्याला लावायचं नाही. अंगावर इसब असलेल्या माणसाला टोचायचंच नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही. हे नुसतं विचारू नका, बाह्या वर करून पाहा.

छातीचं मला काही सांगता येत नाही. आमच्या वेळी ते कोणी विचारलंच नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नसेल. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा 'काही नाही'च म्हणतो. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस. मनात दहापर्यंत मोज. मी वस्तीवर दारात उभा राहून तेच करायचो. सात-आठपर्यंत आलं की बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "तसं काही नाही, पण पोराले..." सगळं त्या 'पण'च्या मागे असतं.

मशीन लावलं की कानात लग्नाचा बँड वाजतो. डब्यात आहे तेच बरं. जेवत जा वेळेवर.

चंद्रभान


मनीषनगर, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

मामा, जयभीम.

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. सरांनी त्याची झेरॉक्स काढून भिंतीला लावली. तुम्ही लिहिलं तसंच सगळं झालं, सहाव्या दिवशी पाणी, मधे खळी, नवव्याला लाली. चाळिसापैकी अडतीस जणांना लस लागली. एका नर्सच्या काखेतली गाठ लिंबाएवढी झाली होती, ती आता उतरली. खाजेनं सगळे हैराण आहेत. दोघांनी पट्टी काढून पाहिली म्हणून मी त्यांना चांगलं झापलं.

पण एक वाईट झालं. तो संघपाल दवाखान्यात आहे. परवा शनिवारी हिंगण्याकडून रोगी घेऊन येताना त्यानं गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला, खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून राहिला. उठेचना. त्याच्या रोग्याच्या नातेवाइकांनीच दुसरी गाडी थांबवून दोघांना नेलं. हृदयाला सूज आली म्हणतात. आयसीयूत आहे, बोलतो, पण दोन वाक्यांत दमतो.

तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडून त्याचा तक्ता मागवला. बारा दिवस निरंक. ते पाहून लसीचा संबंध दिसत नाही असं त्यांनी लिहिलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, झोप नाही, दुसरं काही कारण असेल. सर म्हणाले, चला, आपल्यावर नाही आलं. दुसरी तुकडी ठरल्या दिवशीच होईल.

त्यानं आम्हाला काही सांगितलंच नाही मामा. लोक सांगत नाहीत, मग आपण काय करणार? तुमचं दहापर्यंत मोजणं चाळीस जणांवर रोज करायचं म्हटलं तर चारशे आकडे होतात, आणि मला सहाची बस गाठायची असते. रागावू नका. फार थकले आहे, आणि या आठवड्यात मला कोणी काही विचारूच नये असं वाटतं.

प्रेमिला


कळमेश्वर
२० फेब्रुवारी २०२५

प्रेमिलास आशीर्वाद.

विचारू नये म्हणतेस, तरी विचारतो. तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात अडतीस दंडांचं वर्णन आहे, नर्सच्या काखेतल्या गाठीचं माप आहे, पट्टी काढणाऱ्यांना काय बोललीस तेही आहे. संघपालच्या फोनचं मात्र एक वाक्य नाही. पहिल्या पत्रात तो तुला जेवल्या का विचारत होता. मग आजारी पडण्याआधी त्यानं काय विचारलं, काय सांगितलं? तू त्याला फोन केला होतास का?

मी हे पोलिसासारखं विचारत नाही. मीही निरंक लिहिलेलं आहे.

ही गोष्ट तुझ्या मामीलाही मी सांगितली नव्हती. फेब्रुवारी १९७३. मी तेवीस वर्षांचा. इथून सहा मैलांवरच्या गावात शेतकरी वस्तीतली दारं मला बंद असत. लसीची भीती होती आणि लस आणणारा बौद्धवाड्यातला होता, दोन्ही कारणं एकमेकांना धरून होती. आठवडाभर हेलपाटे घातले. शेवटी बळीराम नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोनं, सासू ओरडत असताना, दार उघडलं आणि तीन वर्षांची पोर माझ्यापुढे उभी केली. "टोच गा भाऊ," म्हणाली. पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला इसब होतं. ओलं होतं. मी पाहिलं. आज हिला नको, असं म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, या घरानं दार उघडलंय, इथे मागे फिरलो तर गल्लीतलं दुसरं एकही उघडणार नाही. मी टोचलं. त्या दिवशी त्या गल्लीतली एकोणीस पोरं टोचून झाली. मी खूश होऊन सायकलवर गाणं म्हणत आलो.

दहाव्या दिवशी गेलो तेव्हा पोर ओळखू येत नव्हती. अंगभर फोड. खाजवून बोट डोळ्यात गेलं होतं. घरातले म्हणाले, देवी आली, देवी कोपली. सासू सुनेला म्हणाली, तू त्याला घरात घेतलं आणि वर त्याच दिवशी फोडणी घातली, तिला राग नाही येणार तर काय. घरात देवी आली किंवा टोचली की फोडणी घालत नसत, तुला माहीत आहे. सून माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घालून उभा होतो. नंतर रजिस्टरमध्ये 'लसीनंतरचा त्रास' या रकान्यात लिहिलं, निरंक. पोर वाचली. डोळा गेला.

ती जयवंता.

लस वाईट नव्हती प्रेमिला. तिनं देवी या जगातून काढली, मी हयातीत ते पाहिलं आणि त्याचा मला गर्व आहे. पण तो रकाना मी भरला असता तर पुढच्या गावात कोणीतरी पोरांच्या बाह्या वर केल्या असत्या.

तुझ्या दोनशे साठ जणांची तारीख १० मार्च आहे. काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग.

चंद्रभान


मनीषनगर, नागपूर
२५ फेब्रुवारी २०२५

मामा,

केला होता फोन. १३ तारखेला, दहाव्या दिवशी, पावणेसहाला. त्यानं सांगितलंही होतं. आता शब्दाला शब्द लिहिते, कारण रोज झोपेत तेच ऐकते आहे.

"जेवल्या का मॅडम?"

"संध्याकाळचे पावणेसहा वाजले गा. तू सांग, काही त्रास?"

"तसं काही नाही. छातीत जड जड वाटून राहिलं सकाळपासून. गॅस असन."

"खाल्लं काय होतं?"

"तर्री-पोहे."

"मंग तेच असन. दोन दिवस तर्री बंद कर."

तो हसला. मी फोन ठेवला आणि लिहिलं निरंक. मोजावंही लागलं नव्हतं मामा, त्यानं आपणहून सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त सहा पानांचा अर्ज होता. तो भरला असता तर सर, गाडी, दवाखाना, सगळं करत आठ वाजले असते. पुढच्या दोन दिवशी त्यानं फोन उचलला नाही. तीनदा लावून उचलला नाही तर घरी जायचं असा नियम आहे. मी एकदाच लावला आणि निरंक, निरंक लिहून मोकळी झाले.

काल त्याला पाहायला गेले. त्याची बायको माया बाहेर बाकावर बसली होती. तिनं मला बसायला जागा दिली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "यायनं तुमाले सांगतलं होतं ना मॅडम फोनवर? मी बाजूलेच बसून होती." मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. ती पुढे म्हणाली, "डॉक्टर म्हनते खर्र्यानं झालं. मी दोन दिवसापासून यायच्याशी बोलून नाही राहिली. इतका राग आला मले." मामा, तो आयसीयूत पडलाय आणि खर्र्यासाठी बायको त्याच्याशी बोलत नाही. आणि खर्र्याचा त्यात काही दोष नसेल हे त्या दवाखान्यात फक्त मला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग सांग. सोपं आहे तुम्हाला, तुमची पेन्शन चालू आहे. माझा करार ३१ मार्चला संपतो. तक्त्यात खोटं लिहिलं म्हटल्यावर तो कोण वाढवून देईल? श्वेताची बारावीची परीक्षा चालू आहे. तिच्या बापानं घर सोडल्यापासून या घरात एकच पगार येतो.

आणि एक विचारते, राग आला तर येऊ द्या. तुम्ही जयवंताला सांगितलंत का? बावन्न वर्षं झाली. चाळीस वर्षं वांगी घेताय. तुमचं रजिस्टर कधीच रद्दीत गेलं असेल, तुमच्या नोकरीला कोणी हात लावणार नाही, तरी तुमच्या तोंडून निघालं नाही. आणि मला मात्र १० मार्चच्या आत सांगायला सांगता. आधी तुम्ही सांगा.

प्रेमिला


कळमेश्वर
१ मार्च २०२५

प्रेमिलास आशीर्वाद.

राग आला. दोन दिवस राहिला. मग मशीन डब्यातून काढलं, नवा सेल घातला आणि बाजारात गेलो.

मुद्दाम दुपारचा गेलो, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मी म्हटलं, जयवंता, मले तुले एक सांगायचं आहे. ती म्हणाली, "वांगे नाही आज. गवार घेऊन जा." मी तिच्या पोत्याच्या कडेवर बसलो आणि सांगितलं. तुझा डोळा देवीनं नाही गेला. मी लस टोचली, तुले इसब होतं, मी पाहिलं होतं, तरी टोचलं.

ती गवार निवडत होती. ऐकू आलं की नाही कळेना. मला वाटलं माझ्यासारखाच तिचाही कान गेला. मग म्हणाली, "तं मंग ते देवी नव्हती?"

"नव्हती."

"अन् फोडनीचं?"

"फोडनीचा काही संबंध नव्हता."

तिनं हातातली गवार खाली ठेवली. म्हणाली, "माय मरेपर्यंत फोडनीचं जेवली नाही माही. तुले माहीत आहे? आमच्या सगळ्यायले फोडनीची भाजी करून घाले, अन् स्वतः उकडलेली खाये, मीठ टाकून. माह्या लग्नातही. आठ वर्ष झाले तिले जाऊन. तू आठ वर्षाआधी सांगतलं असतं तं एखादा दिवस तं खाऊन मेली असती ते."

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "डोळ्याचं मी काही म्हनत नाही. डोळा तं गेलाच होता. काहून नाही सांगतलं मायले? तू येत तं होता ना रोज."

बहिऱ्याशी बोलायची सवय म्हणून ती मोठ्यानं बोलत होती, मशीन लावलंय हे तिला मी सांगितलं नव्हतं. बाजूच्या सगळ्या दुकानांनी ऐकलं. तिनं गवार पोत्याखाली ढकलली आणि म्हणाली, "तुले नाही देत मी भाजी. जा."

घरी आलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तू लिहिलंस ते खरं होतं, माझ्यावर काही येणार नव्हतं, तरी मी थांबलो. का थांबलो याचा विचार केला तर फार काही हाती लागत नाही. पहिल्या वर्षी भीती होती. पुढे लाज. त्यानंतर नुसती सवय झाली.

मी सांगितलं. तू सांगशील की नाही ते तुझं तू बघ. मी आता त्यावर लिहिणार नाही.

चंद्रभान


मनीषनगर, नागपूर
६ मार्च २०२५

मामा, जयभीम.

तुमचं पत्र सोमवारी आलं. जेवताना वाचलं आणि ताटातल्या भाजीकडे बघत बसले. श्वेता म्हणाली, "आई, काय झालं वं तुले?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगून टाक ना. माही परीक्षा मी देतो, तू तुही दे." अठरा वर्षांची पोर, पण असं बोलते.

मंगळवारी सकाळी आधी मायाकडे गेले. ती त्याच बाकावर होती. मी म्हटलं, "हो माया, त्यानं मले सांगतलं होतं. मी लिहिलं नाही. खर्र्यानं झालं असं आता कोनाचं ऐकू नको." ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "मंग मी त्यायच्याशी काहून भांडली?" आणि आत गेली. दारातून मला दिसलं, ती त्याच्या पायाशी बसली होती.

तिथून ऑफिसात. विश्वनाथ सरांना सांगितलं, दहावा दिवस खोटा आहे, अकरावा आणि बारावाही. त्यांनी समोरच्या भिंतीवरची तुमच्या पत्राची झेरॉक्स पाहिली. मग म्हणाले, "ताई, रोजच्या तक्त्यावर खाली सही माझी आहे. मी एक दिवस वाचलं नाही." आणि सहा पानांचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. भरायला पाऊण तास लागला. फक्त पाऊण तास मामा. त्या दिवशी मला सहाची नाही तर सातची बस सहज मिळाली असती.

त्यांनी तो अर्ज दवाखान्यात पाठवला. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या करून लसीचा संबंध असू शकतो असं लिहिलं. संघपाल वाचला आहे. तीन महिने गाडी चालवायची नाही, जिना चढायचा नाही, पण वाचला.

मग मी बाकीच्या एकोणचाळीस जणांना पुन्हा फोन लावले. प्रत्येकाच्या 'काही नाही'नंतर मोजलं. दोघं बोलले. नंदिनी नावाची प्रयोगशाळेतली मुलगी नवावर म्हणाली, "मधात थोडं धडधडे, पण मले वाटलं लग्नाच्या टेन्शननं." तिचा ईसीजी काढला, ठीक निघाला. दुसऱ्याचा तितका ठीक नव्हता, तो आता औषधावर आहे. १० मार्च पुढे ढकलली. दोनशे साठ जणांची आधी छाती तपासणार, ज्यांना आधीपासून काही असेल त्यांना वगळणार आणि मगच टोचणार. माझं नाव यादीत आहे. मी टोचून घेईन, भीती नाही.

फोनचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलंय. खुर्ची तीच, पण दिवसभर डेंग्यूचे आकडे. करार वाढणार की नाही ते कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. परवा आठ दिवसांनी सलग झोपले.

मागच्या पत्रात बोलले त्याबद्दल माफ करा. जयवंता बोलते का तुमच्याशी?

प्रेमिला


कळमेश्वर
१२ मार्च २०२५

प्रेमिलास मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घटकाभर दारात बसलो. बरं वाटलं आणि मग लगेच दमल्यासारखंही झालं. करार वाढला नाही तर श्वेताला घेऊन इकडे ये, दोन खोल्या रिकाम्याच आहेत.

जयवंता काल घरी आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आत ये म्हटलं तर आली नाही, पायरीवर बसली. म्हणाली, "तू मले सांगतलं, बाजारानं ऐकलं. पन माह्या मायवर जे लोकायनं लावलं ते तोंडानं नाही जात. लिहून दे. सरकारात लिहून दे."

मी सांगितलं, ते देवीचं खातं आता नाही, ते रजिस्टर नाही, माझा साहेब तर कधीच वारला. ती म्हणाली, "तुही भाची आहे ना सरकारात, त्याच कामाले? तिले पाठव."

तेव्हा सोबतचा कागद पाहा. जुन्या रजिस्टरचे रकाने आठवले तसे आखले आहेत.

नाव : जयवंता, वडील बळीराम. वय : लसीच्या वेळी तीन वर्षं.
लस : देवी, डावा दंड, फेब्रुवारी १९७३.
टोचणारा : मी स्वतः.
लसीनंतरचा त्रास : अंगभर फोड. डावा डोळा गेला.
कारण : अंगावर इसब दिसत असताना लस दिली. घरातल्या फोडणीचा काही संबंध नाही. आईची चूक नाही.

शेवटच्या दोन ओळी असल्या रजिस्टरात बसत नाहीत, मला माहीत आहे. त्या तिनं घालायला लावल्या, आणि मी मोठ्यानं वाचून दाखवल्यावर मगच अंगठा दिला. खाली तिचा अंगठा आहे आणि माझी सही.

हे तुमच्या ऑफिसात कोणाच्याही टेबलावर दे. तुझ्या सरांनी कपाळाला हात लावला तरी चालेल, पण आवक क्रमांक टाकून घे, शिक्का मारून घे आणि त्याची पोहोच मला पाठव. झेरॉक्स चालणार नाही, खऱ्या शिक्क्याची पाहिजे. मी आज सकाळी बाजारात गेलो होतो. वांगी आली होती, चांगली काटेरी. ती म्हणाली, आधी पोहोच दाखव.

चंद्रभान